हात-पाय साथ देत नसले तरी बाग होते: घरच्या दिव्यांग माणसासोबत बागकाम कसं सुरू करायचं

कुंड्या आणायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या, ही बाग कोणाची? कारण बऱ्याच घरांत काय होतं की मुलगा-सून मोठ्या हौसेने नर्सरीतून रोपं आणतात, बाल्कनीत मांडतात आणि आजोबांची खुर्ची शेजारी ठेवून म्हणतात बघा किती छान वाटतंय. हिरवं बघून बरं वाटतंच, त्यात वाईट काही नाही, पण आजोबांनी केलं काय? ज्या माणसाचं अंघोळ-जेवण, उठणं-बसणं, बाहेर जाणं सगळं दुसऱ्याच्या सोयीने चालतं त्याच्या हातात एक तरी गोष्ट अशी पाहिजे जी त्याच्या मर्जीने चालेल. म्हणून काय लावायचं, कुठे लावायचं, आज पाणी घालायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं आणि आपल्याला वेगळं वाटलं तरी गप्प बसायचं. माझ्या मते निम्मा फायदा इथेच आहे.

आमच्याकडे हे काकांना पॅरालिसिसचा झटका आल्यानंतर सुरू झालं, नंतर ओळखीतल्या व्हीलचेअरवरच्या एका ताईंसोबत आणि पुढे विशेष मुलांसोबतही केलं. ही कल्पना काही नवीन नाही. ब्रिटनमध्ये थ्राइव्ह नावाची संस्था 1978 पासून फक्त हेच काम करते, आणि आपल्याकडे तर वरोऱ्याचं आनंदवन आहेच, ज्यांना समाजाने बाहेर काढलं त्या कुष्ठरुग्णांनी तिथल्या खडकाळ जमिनीत विहीर खणून शेती उभी केली, ती कोणी करमणूक म्हणून दिली नव्हती, स्वतःच्या पोटासाठी स्वतः पिकवलेली होती. आपल्या बाल्कनीतही तेवढं एक तत्त्व पाळायचं, की जे उगवेल ते खरंच घरात वापरलं गेलं पाहिजे.

आता 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, तेव्हा सगळ्यांना एकच पद्धत लागू पडणार नाही. तुमच्या फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) आधी एकदा विचारून घ्या, कोणत्या हालचाली हव्यात, कोणत्या नकोत. बागकाम चालू केलं म्हणून व्यायाम आणि औषधं बंद करायची नाहीत, ते सोबत चालू राहतं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा, मातीत हात घालायचाय.

जागेपासून सुरू करू. ऊन दिवसातून तीन-चार तास मिळालं तरी पालेभाज्या येतात, पण खरी अडचण उन्हाची नसते, माणूस तिथपर्यंत पोचतो का याची असते. बाल्कनीच्या दाराला दीड-दोन इंचाचा उंबरठा असतो, आपल्याला तो दिसतही नाही, पण व्हीलचेअरला आणि पाय ओढत चालणाऱ्याला तोच नडतो. उताराचं प्रमाण 1 ला 12 ठेवायचं, म्हणजे दोन इंच उंचीला दोन फूट लांब फळी, सुतार एका तासात करून देईल, फक्त तिच्यावर खरखरीत पट्टी चिकटवा आणि खाली सरकणार नाही अशी पक्की करा. खुर्ची सरळ जायला तीन फूट रुंदी लागते आणि वळायला पाच फूट. बाल्कनीत पाच फूट मिळत नाहीत हे मला माहितीये, मग खुर्ची सरळ आत जाईल आणि उलटी बाहेर येईल अशी मांडणी करा, कुंड्या दोन्ही बाजूंना न ठेवता एकाच बाजूला घ्या. गच्ची असेल तर पावसाळ्यात शेवाळ धरतं, आठवड्याला एकदा घासलंच पाहिजे, कुबडी घेऊन चालणारा माणूस तिथे घसरला तर बाग राहिली बाजूला.

उंचीचा मुद्दा जरा सविस्तर सांगते कारण इथे सगळे गडबडतात. लोक म्हणतात कुंडी स्टुलावर ठेवली की झालं, पण मग खुर्ची आडवी लावून, कमरेत पिळून काम करावं लागतं, आणि ज्याच्या पाठीत ताकद नाही त्याला ते दहा मिनिटंसुद्धा जमत नाही. जेवायच्या टेबलासारखं समोरून आत शिरता आलं पाहिजे. त्यासाठी ती व्यक्ती खुर्चीत बसलेली असताना जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत टेपने मोजा, त्यात दोन इंच मिळवा, एवढी जागा टेबलाखाली मोकळी हवी. साधारण 26 ते 28 इंच येते. आता त्यावर तुम्ही फूटभर खोल कुंडी ठेवलीत तर काठ छातीच्या वर जातो आणि खांदे उचलून काम करावं लागतं, म्हणून वरचा ट्रे उथळ पाहिजे, पाच-सहा इंच खोल. मेथी, कोथिंबीर, पालक, माठ, पुदिना एवढ्या मातीत मजेत येतात. टोमॅटो-वांग्यासारखी खोल मुळांची झाडं खाली जमिनीवर मोठ्या कुंडीत लावा, त्यांचा शेंडा आपोआप हाताशी येतो. समोरून हात दोन फुटांच्या पलीकडे पोचत नाही, त्यामुळे ट्रे त्याहून रुंद नको.

हे महाग असायची गरज नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्या किंवा घरातलं जुनं टेबल वापरा, ट्रे म्हणून मासळी किंवा फळं येतात ते थर्माकोलचे खोके उत्तम, हलके असतात, खाली पेन्सिलीने भोकं पाडली की झालं. भाजीवाल्याचे जुने उथळ क्रेटही चालतात, आत गोणपाट घाला. वजनाचा मात्र विचार करा, ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते, म्हणजे वीस लिटरची बादली तीस किलोची होते. म्हणून नुसती माती नको, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग, माती एक भाग असं मिश्रण करा. कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की फुगून मोकळी होते आणि ती हाताने कुस्करायची असते, हे काम त्यांनाच द्या, हाताला मऊ लागतं, चुकायला काही नसतं, पहिल्या दिवसासाठी इतकं सोपं आणि छान काम दुसरं नाही. दम्याचा त्रास असेल तर खत आणि कोकोपीट आधी ओलं करून मगच हाताळायला द्या, धूळ उडू देऊ नका.

हत्यारांवर फार खर्च करू नका. खुरप्याची मूठ बारीक असते आणि कमजोर हाताला बारीक मूठ धरायला सगळ्यात अवघड, तेव्हा सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणा आणि मुठीवर गुंडाळून ती जाड करा, किंवा एसीच्या पाइपवरचा काळा फोम चढवा. मूठ अजिबात धरता येत नसेल तर रुंद वेलक्रोचा पट्टा तळहाताभोवती घेऊन त्यात हत्यार अडकवा. झारी भरली की जड होते, त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडा. जमिनीवरच्या कुंडीत बी टाकायचं असेल आणि वाकता येत नसेल तर तीनेक फुटांचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं टोक मातीवर टेकवा आणि वरून बी सोडा. हात थरथरत असेल तर बारीक बिया चिमटीत घेण्याचा हट्ट नको, मूठभर वाळूत मिसळून मिठाच्या डबीतून शिंपडता येतात. वाल, चवळी, भोपळा, घेवडा यांच्या बिया मोठ्या असतात, सुरुवात त्यांनीच करा.

अर्धांगवायू झालेल्या माणसाबद्दल आता. घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते की चांगल्या हाताने करू दे, पण मग कमजोर हात मांडीवर तसाच पडून राहतो. त्या हाताला काहीतरी द्या, अगदी ट्रे सरकू नये म्हणून त्यावर नुसता टेकवून ठेवायचा, तेवढंसुद्धा काम आहे. खांदा सैल झालेला असतो त्यामुळे तो हात ओढून कुठेही न्यायचा नाही, खालून आधार देऊनच उचलायचा.

आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडले ते धणे. कोथिंबीर पेरायची तर धणे आख्खे पेरत नाहीत, दोन दलं वेगळी करावी लागतात, गावाकडे चपलेखाली रगडतात. काकांना आम्ही पोळपाटावर धणे पसरून दिले आणि हातात लाटणं, दोन्ही हात लाटण्यावर, उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती म्हणून त्यावर रुमाल गुंडाळून हलकंसं बांधलेलं. पुढे-मागे, पुढे-मागे. फिजिओ जी हालचाल करायला सांगायच्या तीच ही, पण ती करताना ते आकडे मोजायचे आणि वैतागायचे, इथे मात्र कडकड आवाज येतोय का तिकडे सगळं लक्ष. जास्त जोर दिला की भुगा होतो, कमी दिला की दाणा तसाच राहतो, ते त्यांचं त्यांनाच कळत गेलं. मग धणे रात्रभर भिजवायचे, सकाळी पेरायचे, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी शेजारच्या ट्रेमध्ये मेथी टाका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात काढता येते.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला असेल तर कधीकधी डावीकडच्या वस्तू माणसाच्या ध्यानातच येत नाहीत, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, तसं. अशा वेळी लाल किंवा पिवळी भडक कुंडी मुद्दाम डावीकडे ठेवा आणि पाणी घालायला तिथूनच सुरुवात करायची असा नियम करा, मान वळवायची सवय लागते. वाचा गेली असेल तर "काय लावायचं" असा मोकळा प्रश्न विचारू नका, दोन पाकिटं समोर धरा, झेंडू की तेरडा, बोट दाखवलं की तोच निर्णय. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि उत्साह आहे तोवरच थांबायचं, थकून थांबलं की दुसऱ्या दिवशी नको वाटतं. खाली वाकून काम अजिबात नको, चक्कर येते. उभं राहून करत असतील तर टेबल जड आणि पक्कं असू द्या आणि खुर्ची अगदी मागेच असू द्या.

मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेल्या व्यक्तीचे धोके वेगळे आहेत आणि ते बाहेरून दिसत नाहीत. बागेत रमलं की वेळ कळत नाही, तेवढ्यात बसल्या जागी जखम व्हायला सुरुवात होते, म्हणून मोबाइलवर अलार्म लावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून वजन सोडायचं. उन्हात तापलेला ट्रे किंवा गरम झालेली पाण्याची नळी मांडीवर ठेवायची नाही, चटका बसला तरी कळत नाही. इजा वरच्या भागात असेल तर घामही नीट येत नाही, अंग तापत जातं, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातच काय, पुण्यातसुद्धा मार्च ते जून काम सकाळी नऊच्या आत, शेजारी पाणी मारायचा स्प्रे आणि ओला नॅपकिन. हात चिखलाचे झाले की चाकांचे रिंग घसरतात, खुर्चीच्या हाताला एक जुनं फडकं बांधून ठेवा, ब्रेक लावल्याशिवाय कामाला सुरुवात नाही. डायबेटिसमुळे किंवा कुष्ठरोगामुळे हातापायांची संवेदना गेलेल्यांनी जाड ग्लोव्ह्ज आणि बंद बूट घालायचेच, आणि काम झालं की उजेडात तळहात, बोटांच्या बेचक्या, पावलं नीट बघायची, फोड आला तरी दुखणार नाही म्हणून डोळ्यांनीच शोधायचा.

दृष्टिहीन व्यक्तीच्या बागेत एकच कडक नियम, कुंडी हलवायची नाही. झाडूपोछा करताना सरकवलेली कुंडी परत त्याच फरशीवर गेली पाहिजे, नाहीतर त्यांची सगळी बाग हरवते. ओळीत पेरायला सुतळीला वीतभर अंतरावर गाठी मारून ती ट्रेवर ताणून बांधा, गाठ लागली की एक बी. ओळखायला कुंडीच्या काठाला वेगवेगळी बटणं किंवा गाठी लावा, ब्रेल येत असेल तर ब्रेल पट्टी. पाणी मगाने, प्रत्येक कुंडीला किती मग ते ठरलेलं, आणि गरज आहे का ते बोट मातीत दोन पेरं खुपसून ठरवायचं, खरंतर डोळस माणसांनीही असंच करावं, आपण वरची कोरडी माती बघून उगाच पाणी ओततो. झाडं वासाची आणि स्पर्शाची घ्या, तुळस, गवती चहा, पुदिना, मरवा, मोगरा, पानांचा ओवा. ओव्याचं पान जाड, लुसलुशीत, नुसता हात फिरला तरी वास हाताला राहतो, आणि काडी खोचली तरी लागते. कुंड्यांत आधाराला रोवलेल्या काठ्यांच्या टोकांवर बाटलीची झाकणं किंवा जुने टेनिस बॉल खोचा, वाकताना डोळ्यात जाते ती काठी. थोडं दिसत असेल तर हत्यारांच्या मुठींना पिवळा टेप, मातीत खुरपं चटकन सापडतं.

विशेष मुलांबरोबर करताना घाई नको. काही मुलांना, खासकरून ऑटिझम असलेल्यांना, ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही, त्यांचा हात धरून मातीत घालायचा प्रकार कृपया करू नका. चमचा द्या, ब्रश द्या, आधी कोरड्या बिया एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, मग कोरडी माती, महिना लागला तरी लागू दे. रोज तीच वेळ, तोच क्रम, आणि क्रमाचे फोटो काढून भिंतीवर लावा: बाटली भरणं, पाणी घालणं, हात धुणं. मोहरी आणि मेथी पटकन उगवतात म्हणून पहिली तीच. पावसाळ्यात तेरडा लावायलाच पाहिजे, त्याची पिकलेली बोंडं हात लागताच फट्कन फुटतात आणि बिया उडतात, एक मुलगी एरवी कोणाच्या जवळ यायची नाही, ती बोंड शोधून दुसऱ्यांच्या बोटाजवळ न्यायला लागली, तुम्हीपण फोडा म्हणून. शब्द एकही नाही, पण बोलावणं स्पष्ट.

काही मुलं माती किंवा पानं तोंडात घालतात, तिथे डोळ्यात तेल घालून लक्ष हवं. कण्हेर घरात नको म्हणजे नकोच, तिचं सगळं झाड विषारी, थेट हृदयावर परिणाम करतं. धोत्रा, गुंज, चिकाचे निवडुंग-शेर, आणि ऑफिसांमध्ये दिसते ती ठिपक्यांच्या मोठ्या पानांची डिफेनबेकिया हेही टाळा. अळू कच्चं खाल्लं तर घसा खाजतो आणि मिरची तोडलेला हात डोळ्याला लागतो, ते मुलांच्या हातापासून लांब. कीटकनाशकं अजिबात आणू नका, मावा, म्हणजे पानांवरचे बारीक किडे, पडला तर साध्या पाण्याचा जोरात फवारा मारा, तेवढ्याने न गेल्यास कडुलिंबाचं तेल. फिट्स येत असतील तर पाण्याच्या टाकीजवळ किंवा गच्चीच्या कठड्यापाशी एकटं सोडायचं नाही.

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी रोजचं छोटं, ठरलेलं काम चांगलं, तुळशीला पाणी एवढंसुद्धा. सकाळी उठायला एक कारण मिळतं. त्यांच्या काही गोळ्यांमुळे ऊन लवकर लागतं आणि लिथियम चालू असेल तर अंगातलं पाणी कमी होणं धोक्याचं, म्हणून सावलीत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवून.

आता पीक आल्यावरचं, जे लोक विसरतात. मेथी त्यांनी काढली आणि आपण सिंकपाशी नेऊन पटापट निवडून टाकली तर अर्धं काम आपण खाल्लं. निवडायला त्यांनाच द्या, पान-पान खुडणं हा बोटांचा काय सुंदर व्यायाम आहे, आणि भाजी केल्यावर कोणी पाहुणा आला तर ती कोणाच्या बागेतली ते त्यांनाच सांगू द्या. मोगरा असेल तर गजरा, झेंडू असेल तर दसऱ्याचं तोरण, दोऱ्यात ओवता येत नसेल तर जाड दाभण आणि सुतळी. बी धरायला एक-दोन झाडं तशीच ठेवा, वाळलेल्या बियांच्या कागदी पुड्या करून नाव लिहायचं आणि शेजारी, नातेवाईक, फिजिओ कोणालाही द्यायच्या. ज्याला आजवर सगळे फक्त देत आले त्याच्या हातून काहीतरी दुसऱ्याच्या घरी जातं.

झाडं मरतील, हे आधीच सांगून ठेवा. मेलेलं झाड रात्रीतून बदलून तिथे नवीन ठेवायचा मोह होतो, घरचे प्रेमापोटीच करतात, पण त्यांना ते कळतं आणि मग ती बाग त्यांची राहत नाही. ते झाड त्यांच्यासमोरच उपटा, मुळं बघा, काळी आणि चिकट असतील तर पाणी जास्त झालं, मातीत पांढऱ्या जाड अळ्या असतील तर हुमणी. बघून झालं की त्या जागी काय लावायचं ते विचारा. "काही नको" म्हणाले तर ट्रे तसाच रिकामा राहू द्या, आणि पुढच्या आठवड्यात परत विचारा.